वरवंट्याचं बारसं

माझी नणंद झुंबरबाई म्हंजी तोंडाचा पट्टा. नवऱ्यानं टाकली, तशी कोल्हारला माहेरी आली ती रडत न्हाई, भांडत आली. पन माझ्या पंकजच्या बारशाला भावकीनं तिला पाळन्याला हात लावू दिला न्हाई. नाव ठेवायचा मान आत्याचा, आन सख्खी आत्या दारात उभी! मी बाळंतीन, लई तनतनले, पन ऐकतंय कोन? चुलत नणंदेकडून उरकून घेतलं.

त्यो पंकज शिकून परदेशात दुर्बिनीवर नोकरीला लागला. त्र्यान्नव साली त्याला एक लघुग्रह सापडला. मंगळ आन गुरूच्या मधी असले लई दगुड सूर्याभवती फिरत्यात म्हनं. सापडला म्हून लगीच नाव मिळत न्हाई. परत परत बघून त्याची वाट पक्की करावी लागती. ती अठ्ठ्यान्नवला झाली. मग किराना दुकानात पंकजचा फोन आला.

"आत्या, ज्यानं शोधला त्यानं नाव सुचवायचं, कमिटी मंजूर करती. माझ्या वतीनं तूच ठेव."

गावभर झालं. चुलतसासरे गोरक्षनाथ काठी आपटीत आले. "कारखान्याच्या चेअरमनचं नाव द्या. टाकलेल्या बाया कुटं नाव ठेवत्यात व्हय?"

"पुढाऱ्याचं चालत न्हाई तितं," झुंबरबाई म्हनाली. "मेल्यावर शंभर वरसं जावी लागत्यात. थांबा म्हनावं!"

दुसऱ्या दिवशी तिनं अंगनात पाळना टांगला. बारशाला बाळाआधी वरवंटा नटवून पाळन्याखालून देत्यात-घेत्यात. हिनं वरवंट्यालाच कुंची घालून पाळन्यात निजवलं. "त्यो बी दगुड, ह्यो बी दगुड. माझ्या हातानं दगडाला काय अपशकुन व्हतोय, सांगा की!"

बारशाला बोलावलेल्या बाया कुंपनापाशी थबकल्या. "कुनी आत जायाचं न्हाई!" गोरक्षनाथ गरजले.

माझं टाळकंच सरकलं. मी चुलतसासऱ्यांदेखत पुढं झाले, पाळन्याची दोरी धरली. "वन्सं, ठेवा नाव."

ती वाकली. कानात न सांगता मोठ्यांदा म्हनाली, "झुंबर!"

"सोताचंच?" गोरक्षनाथ वरडले.

"व्हय, सोताचंच! जलमभर टाकलेली म्हनलात. आता नाव घ्या."

नाव ठेवलं की आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत हाय. मी असा रट्टा दिला की ती हेलपाटली. ते बघून एक बाई कुंपन वलांडून आली, मग सगळ्याच. झुंबरबाईच्या डोळ्याला धार लागल्याली.

"हान, वैनी! अजून जोरात! भावकीला ऐकू जाऊ दे."