चतुराबाईचा हात

कुरुंद्याच्या चतुराबाईला एखादा वहीम आला, की तो मनातून निघता निघत नसे. नात सृष्टी बारावीला होती. इंग्रजीच्या सरांनी वर्गात एकेकाला रोजच्या वापरातला एकेक शब्द दिला, त्याचे सगळे अर्थ शोधून आणायला. सृष्टीच्या वाट्याला 'हँड' आला, म्हणजे हात. झालं! भाकरी थापता थापता चतुराबाईने मान वर केली.

"साऱ्या वर्गात आपल्याच पोरीला हात काहून दिला गं त्या मास्तरनं?"

सृष्टी हसली. आजीला हसू आलं नाही. गाव आपल्या हाताबद्दलच बोलतं, अशी तिची खात्रीच होती.

त्याला कारणही होतं. हळद लावायची तर पहिलं बेणं चांगल्या हातगुणाच्या बाईने मातीत ठेवायचं, अशी तिथली रीत, आणि तो मान वर्षानुवर्षं चतुराबाईचा. नवरा लवकर गेला, स्वतःचं रान नाही, जन्म दुसऱ्याच्या शेतात खुरपण्यात गेला. पण लागवडीला भले भले शेतकरी तिच्या दारात येऊन उभे राहत. तेवढा एक दिवस ती कुणाची मजूर नसे.

मग एका साली तिनेच बेणं ठेवलेल्या सोमेश्वर नावाच्या शेतकऱ्याच्या रानात पाणी साचलं आणि हळद कंदासकट कुजली. तोंडावर कुणी काही बोललं नाही. पुढच्या लागवडीला बोलावणं मात्र शेजारच्या भिकाबाईला गेलं. हिनेच कान भरले असणार, असं धरून चतुराबाईने तिच्याशी बोलणं टाकलं. दोन बायका कुठे कुजबुजताना दिसल्या तरी ही वाट बदलून जाई. त्याहून वाईट म्हणजे तिला स्वतःच्या हाताचाच संशय येऊ लागला. नातीची वेणी घालायलाही ती कचरायची.

सृष्टी शोधून आणलेले अर्थ आजीला वाचून दाखवत होती. "मदत म्हणजे हँड, अक्षर म्हणजे हँड, घड्याळाचा काटासुदिक हँड. शेतावरच्या मजुरालाबी हँडच म्हणतात, आजी."

"अन् हातगुण?"

"तसा शब्द न्हाई सापडत. झाडं ज्याला येतात त्याचा अंगठा हिरवा, म्हणतात."

"अन् वंगाळ हात?"

"ते पत्त्यात. वाईट पानं आली की हात वाईट. पण पानं वाटणारा दुसराच असतो ना."

हे शेवटचं चतुराबाईच्या डोक्यात राहिलं. ऐन उन्हाळ्यात तिने परसात दोन जुन्या टोपल्यांत माती भरली. एकीत आपण बेणं ठेवलं, दुसरीत सृष्टीला ठेवायला लावलं. पाणी दोन्हींना सारखंच. आजीच्या टोपलीला पोरगी मुद्दाम जास्त तर घालत नाही ना, म्हणून तिच्यावरही डोळा ठेवला. अखेर कोंब आले. दोन्हीकडे सारखेच हिरवे, सारखेच उंच.

चतुराबाईचे डोळे भरून आले. हात वाईट नव्हता! मग तिने दोन्ही टोपल्या पुन्हा न्याहाळल्या. वाईट नव्हता, तर मग चांगलाही कधी नव्हता.

मृगाच्या तोंडावर सोमेश्वर आला. "मावशी, अवंदा पहिलं बेणं तुमीच ठेवा. मागल्या साली पुन्हा हळद सडली. भिकाबाईचा हात वंगाळ निघाला, दुसरं काय!"

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते दारात उभं होतं. 'येते' हा शब्द तिच्या ओठावर आलाही होता. पण ती त्याला परसात घेऊन गेली.

"एकीत बेणं मी ठेवलं, एकीत पोरीनं. यातली माही टोपली कोणती, सांगा बरं."

"दोनी सारख्याच दिसून राहिल्यात."

"मंग भिकाबाईच्या हाताला काहून बोल लावता? यायचं तर दोघी येऊ, न्हाई तर मीबी येत न्हाई."

"बघतो," म्हणत सोमेश्वरने तिच्या हाताकडे तिरपं पाहिलं आणि काढता पाय घेतला. तो आता तिसरी बाई शोधणार, हे तिला कळलं. मान गेला तो गेलाच. जिवाला लागलं तिच्या.

तशीच ती भिकाबाईच्या दारात गेली. भिकाबाईने दार अर्धंच उघडलं. समोर चतुराबाई बघून तिने आपले दोन्ही हात झटकन पदराखाली घेतले.

चतुराबाई तिच्याकडे पाठ करून उंबऱ्यावर बसली आणि अंबाडा सोडला.

"तेल घेऊन ये," ती म्हणाली. "माह्या डोक्याला लावून दे."