कामतघरच्या दादांचं उलटं मशीन

मशीन उलटं करायचं, त्याच्या पोटावर तळहात टेकायचा आणि दुसऱ्या हाताचं बोट वर करून सगळ्या खोलीला गप्प करायचं. "थांबा. वाचतंय ते."

दादांचं हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की पुढे वर्गात एखादी मुलगी धडा वाचताना अडखळली आणि बाकीच्या हसायला लागल्या, की माझ्याही तोंडून तेच निघायचं. थांबा, वाचतेय ती. मुलींना वाटायचं बाई फार समजूतदार आहेत.

मशीन म्हणजे टीव्हीला जोडायचा सीडीवाला व्हिडिओ गेम. करड्या रंगाचा डबा, वर गोल झाकण, पुढे वायरीला लोंबणारे दोन रिमोट. दादांनी आणलं तेव्हाही ते जुनंच होतं, बाजारातल्या एका दुकानातून सेकंडहँड घेतलेलं. त्यातलं सीडी वाचणारं भिंग झिजून एका अंगाला बसलं होतं. सरळ ठेवलं की टीव्हीवर नुसता काळोख. झाकण लावून उलटं केलं की आत खुर्र खुर्र व्हायचं आणि गाडी दिसायला लागायची.

मी कामतघरला एका शाळेत शिकवत होते आणि दादांच्या घरात वरची खोली भाड्यानं घेऊन राहत होते. अख्खी आळी त्यांना दादाच म्हणायची, मीही म्हणायचे. पन्नाशी ओलांडलेले, अंगानं उंच, लुंगी आणि बनियनवर वावरणारे, नाकावर कायम राग. पिढ्यान् पिढ्या भातशेती आणि खाडीची मासळी यांवर जगलेलं घर ते. मानकोलीला त्यांचं वडिलोपार्जित शेत होतं, ते गोडाऊनवाल्यांना विकलं गेलं. त्या काळात तिकडं जमीन विकलेल्यांच्या दारात नव्या गाड्या उभ्या राहिल्या. दादांनी हा डबा आणला.

"सगल्यांनी गाडी घेतली, मी पन घेतली," ते म्हणायचे. "माझी पेट्रोल पीत न्हाय."

त्यांच्याकडे गाड्यांच्या शर्यतीची सीडी होती. पण शर्यत वगैरे दादांच्या गावीही नव्हती. बाकीच्या गाड्या सुसाट निघून जायच्या आणि दादा आपले डाव्या बाजूनं, वळणावर हळू करत चालवायचे. त्या रस्त्याच्या कडेला एका ठिकाणी समुद्र दिसायचा. तिथं ते चक्क गाडी थांबवायचे आणि बघत बसायचे. पडद्यावर शेवटचा नंबर झळकायचा. मी हसले की म्हणायचे, "माझी काय बस चुकलीय, बाई?"

कामतघरात कशावरही कापसाची बारीक धूळ बसते. आजूबाजूला कापड विणणारे लूमच लूम, दिवसभर खटखट आणि हवेत उडणारा कापूस. चहाच्या कपात तो असतो, केसांत असतो, मग मशीनच्या भिंगावर का नसणार? दादा काडीला कापूस गुंडाळून भिंग पुसायचे. सीडी जुन्या बनियननं मधून बाहेर, मधून बाहेर पुसायचे. ओरखडा दिसला तर त्यावर दात घासायची पेस्ट चोळायचे. वहिनी, म्हणजे दादांची बायको, आतून ओरडायच्या, "आपले दात घासायला आलस येतो, आन् त्या चकतीचे घासता!" मशीन तापलं की टेबलफॅन त्याच्याकडे वळायचा आणि माणसं घामानं निथळत बसायची.

आता खरी गोष्ट सांगते. त्या घराला मधोमध भिंत होती. पलीकडे दादांचे सख्खे धाकटे भाऊ राहायचे, त्यांना सगळे भाऊच म्हणत. दोघांत विस्तव जात नव्हता. शेत विकायचं भाऊंच्या मनात होतं, दादांच्या नव्हतं. शेवटी सही दोघांनीही केली. परत येताना रिक्षात दादा म्हणाले, "बापाला इकलास तू." भाऊ म्हणाले, "तुझी पन सही हाय त्यावर." त्यानंतर दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते. सणाला वाट्या भिंतीअलीकडून पलीकडे जायच्या, बायका बोलायच्या, मुली बोलायच्या. तुमच्याही ओळखीत असं एखादं घर असेलच. आपण दोन्ही बाजूंना हो हो म्हणतो आणि आपल्या खोलीत जातो.

ते लोडशेडिंगचे दिवस होते. वीज गेली की आधी लूम थांबायचे आणि सगळ्या कामतघरावर अशी शांतता पसरायची की पलीकडच्या घरातली शिंकही ऐकू यावी. दादांच्या मशीनला खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. दुपारभर मेहनतीनं सात रस्ते पार केले आणि वीज गेली, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्या शांततेत दादा वीजमंडळाला ज्या शिव्या द्यायचे, त्या मला इथं लिहिता येणार नाहीत.

एके दिवशी भाऊ मला जिन्यात गाठून म्हणाले, "बाई, त्याला सांगा, घरात पोरी हायेत माझ्या. शिव्या देऊ नको. खिडकीत वायर ठेवलीय, ती लाव." भाऊंनी घरी इन्व्हर्टर बसवला होता. दोन घरांच्या खिडक्यांमधून काळी वायर आली होती, टोकाला बोर्ड जोडलेला.

मी निरोप सांगितला. दादांनी वायर हातात घेऊन उलटीसुलटी बघितली. मग म्हणाले, "त्याला सांगा, मना गरज न्हाय." आणि प्लग लावला.

पुढच्या रविवारी भाऊ दारात उभे. माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, इन्व्हर्टरवर लोड किती पडतोय ते बघाया आलोय." लोड बघायला टीव्हीसमोर बसावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. त्याच्या पुढच्या रविवारी दुसरा रिमोट त्यांच्या हातात होता.

मग हा नेमच झाला. रविवारी तीन वाजता भाऊ यायचे, पलंगाच्या त्या टोकाला बसायचे, या टोकाला दादा. मी खाली जमिनीवर वहिनींबरोबर तांदूळ निवडत बसलेली असायचे, आणि माझ्यावर निरोप्याचं काम यायचं.

"बाई, त्याला सांगा, माझ्या गाडीला घासू नको."

"बाई, त्याला बोला, रस्ता त्याच्या एकट्याचा न्हाय."

"बाई, त्याला इचारा, ब्रेक नावाची चीज म्हायती हाय का?"

दोघांच्यात दोन-तीन हात अंतर होतं, आणि मी चार हात लांब. सुरुवातीला मी प्रामाणिकपणे निरोप पोचवायचे. नंतर नुसतं "ऐकलंत ना?" म्हणायला लागले. मी गावी गेलेली असले की ते टीव्हीशी बोलायचे, असं वहिनी सांगायच्या. भाऊ वाऱ्यासारखे चालवायचे आणि भिंतींवर आदळायचे, दादा मागून रमतगमत यायचे. समुद्रापाशी दादा थांबले की भाऊही गाडी वळवून मागं आणायचे आणि शेजारी उभी करायचे. दोघांच्या गाड्या तिथं उभ्या, दोघंही समुद्र बघत बसलेले. मी तेव्हा तांदळात डोकं खुपसून बसायचे, कारण मला भरून यायचं आणि वहिनींनी ते पाहिलेलं मला नको असायचं.

एका दिवाळीच्या सुट्टीनंतर मी परत आले, तर दादा मशीन मांडीवर घेऊन बसलेले. उलटं, सरळ, आडवं, उभं, सगळं करून झालं होतं. पोटावर तळहात होता, पण आत खुर्र होत नव्हतं. वहिनी म्हणाल्या, चार दिवस जेवणावर लक्ष नाही.

मी म्हटलं, चला, बाजारात दाखवू. दुकानदारानं झाकण उघडलं, आत फुंकर मारली आणि मान हलवली. "चाचा, लेन्स खतम है। इसमें अब कुछ नहीं रखा। नया मॉडल ले जाओ, घर आके लगा दूँगा।"

"मेरेको नया नको," दादा म्हणाले. "येच चालू कर."

"ये नहीं होगा, चाचा।"

रिक्षात मशीन त्यांच्या मांडीवर होतं. मी म्हटलं, "दादा, परवडत नाही असं तर नाही. नवीन का घेत नाही?"

ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "नवीन आनला तं त्याला बोलवावा लागंल, बाई."

मला आधी कळलंच नाही.

"हा जुना हाय. यावर त्याला कोनी बोलावला न्हाय, त्यो आपसूक आला. वायरीच्या मागं मागं आला. नवीन आनला तं कोन सांगनार त्याला, ये म्हनून? मी मोठा हाय."

"मग मोठ्यानं बोलवावं की!"

"तुमाला न्हाय समजनार."

मला सगळं समजत होतं आणि चीड येत होती. एवढी मोठी दोन माणसं, आणि त्यांचं नातं एका झिजलेल्या भिंगावर येऊन टेकलेलं! रिक्षावाल्यादेखत दादांना हलवून विचारावं असं वाटलं, की उद्या तो आलाच नाही तर काय कराल? पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि विचारलं नाही. ते दिवसरात्र दुसरा विचार करतच नव्हते.

रविवार आला. मशीन बंद पडलंय हे भाऊंना नक्की माहीत होतं, भिंतीतून आवाज गेला नव्हता. तीन वाजले आणि भाऊ आले. नेहमीच्या टोकाला बसले. दादांनी सीडी पुसली, घातली, झाकण लावलं, मशीन उलटं केलं, तळहात ठेवला. त्या दिवशी कुणाला गप्प करायची गरज नव्हती. टीव्ही काळाच राहिला.

"बाई, त्याला सांगा, दुसरी लावून बघ."

दुसरी लावली. तिसरी लावली. दादांच्या बनियनची पाठ भिजली होती. भाऊ मांडीवर हात घासत बसले होते. मग ते उठले. "बाई, मी निघतो. काम हाय जरा," म्हणाले आणि दारापर्यंत गेले. एकदा का ते उंबरा ओलांडून गेले, की पुढच्या रविवारी यायला त्यांना काही कारण उरणार नव्हतं. हे मला दिसत होतं, वहिनींना दिसत होतं, त्या दोघांनाही दिसत होतं.

दादा मान खाली घालून म्हणाले, "बाई, त्याला सांगा..."

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. माझा आवाज जरा चढलाच. "मी कुणालाही काहीही सांगणार नाही." आणि सूप घेऊन स्वयंपाकघरात निघून गेले. वहिनीही मागोमाग आल्या. आत दोघी भिंतीला टेकून उभ्या राहिलो. बाहेर काही ऐकू येईना. लूम चालू होते, त्यांच्या खटखटीत बाहेरची शांतता चाचपडणं कठीण होतं. भाऊ गेले असंच मला वाटलं.

मग दादांचा आवाज आला. "बस ना. चाय ठेवलीय."

चहा कुणीच ठेवलेला नव्हता. वहिनींनी तोंडावर पदर दाबला आणि दुसऱ्या हातानं घाईघाईनं गॅस पेटवला.

भाऊ म्हणाले, "साखर टाकू नको सांग. मना डायबेटीस हाय."

"कधीपासून?"

"दोन वर्सं झाली."

"दोन वर्सं?" दादांचा आवाज एकदम चढला. "आन् मना कोन सांगनार? ही भिंत? मी काय मेलो होतो काय इकडं? गोल्या कुठल्या घेतोस? कुठला डाक्टर? त्या कोपऱ्यावरच्याला काय कलतंय!"

भाऊही ओरडले, "तू इचारलंस कधी?"

दोघं असे भांडायला लागले, की आळीतली माणसं दारात जमा झाली. वहिनी चहा ढवळत रडत होत्या आणि हसत होत्या. मीही.

मशीन कपाटावर चढलं ते पुन्हा उतरलं नाही. नवीन कुणी आणलं नाही. भाऊ मात्र रविवारी येत राहिले, मग रोजच यायला लागले. दोघं कशावरूनही भांडायचे, मासळीच्या ताजेपणावरून, पाहुण्यांच्या लग्नावरून, मानकोलीच्या शेतावरूनसुद्धा. माझ्याशी बोलायला त्यांना वेळ नसायचा. मला थोडं वाईटही वाटायचं, खोटं कशाला बोलू? पुढं लग्न होऊन मी नाशिकला आले. येताजाता कामतघरला उतरले की वहिनी जेवल्याशिवाय सोडत नसत.

मग एका संध्याकाळी भाऊंचा फोन आला. "बाई, दादा गेला." चार दिवस झाले होते. दुपारी जेवून दोघं ओटीवर बसले होते, छातीत कळ आली आणि रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं.

असं कुणी सांगितलं की आपण विचारतो तेच मी विचारलं. "काही बोलले का शेवटी?"

"बोलतोय कसला, वरडत होता माझ्यावर. भात किती खातोस म्हनून. सकालपासून वरडत होता." मागं घरातल्या बायकांचे आवाज येत होते, कुणीतरी भांडी आवरत होतं. "चार दिवस झाले, बाई, दोन्ही टायमाला पोटभर भात खातोय मी. कोनी कायच बोलत न्हाय."