दिवस मावळेपर्यंत लेकरं सांभाळणाऱ्या विमलताई

विमलताईंची पहिली भेट झाली तेव्हा मी शेताच्या बांधावर नातीला राखत बसलो होतो. सून कापूस वेचत होती. जवळच पाण्याचा हौद, म्हणून मी पोरीच्या कमरेला दोर बांधून तो बाभळीला अडकवला होता. आमच्याकडे पुष्कळजण तसे करतात. रस्त्याने जाणाऱ्या ताई थांबल्या.

"बाबा, हाई पोर शे का वासरू?"

"ताई, हौदमा पडनी ते?"

"मंग मन्हाकडे धाडा. तठे हौद बी नही, दोर बी नही."

आमच्या ब्राह्मणपुरीत सरकारी अनुदानावर चालणारे मजुरांच्या लेकरांचे पाळणाघर ताई सांभाळतात. अंगणवाडी दुपारी सुटते, पण आया परततात दिवस मावळल्यावर. तोवर लेकरांना ताईच असतात. सातपुड्यातून ऊसतोडीला आलेल्या बायांच्या पोरांना आमची बोली समजत नसे, तर ताईंनी त्या बायांकडून त्यांची अंगाई शिकून घेतली.

शिस्तीला मात्र त्या कडक आहेत. एकदा आभाळ भरून आले, मी घाबरून नातीला आणायला धावलो. ताईंनी पोर दिले नाही.

"मी तिना आजा शे!"

"माले माहीत शे. पण सकायमा मायनी सोडं, मायनाच हातमा देसू. राग येस ते येऊ द्या. बठा, चहा टाकस."

सून येईपर्यंत मी बसलो. राग आला होता, पण त्या दिवसापासून नातीचा घोर कमी झाला.

आता ताईंना साठ वर्षे पूर्ण झाली. नियमाने त्यांचे मानधन थांबणार. त्यांच्या जागी दुसऱ्या बाईंना मंजुरी नाही, आणि पुढचे अनुदान येईल की नाही हे कोणी सांगत नाही. धाकटा नातू अजून रांगतो. सून रोज विचारते, "बाबा, पाळणाघर बंद पडनं ते याले कोठे ठेवू?" मला रात्री झोप लागत नाही.

साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाचे आणि सत्काराचे ऐकून ताई म्हणाल्या, "मन्हा सत्कार मंग करा. पहिले मन्ही जागावर बाई आणा."

ताईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो आणि त्यांचे म्हातारपण निश्चिंत जावो. ताईंना शाल द्यायला येणाऱ्या सर्वांना हात जोडून विनंती आहे, त्यांच्या जागेच्या मंजुरीसाठी माझ्यासोबत जिल्हा परिषदेत चला. साहेबांसमोर एकट्याने जायची मला भीती वाटते.