तबल्याच्या जागी आलेला कीबोर्ड

लग्न होऊन मी सिंदीला आले तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. सासरचं किराणा दुकान स्टेशनच्या रस्त्यावर होतं. संध्याकाळी दुकान बंद झालं की माझे सासरे पेटी काढायचे. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. मामाजी भजनी मंडळात गायचे आणि पेटीही तेच वाजवायचे. तबल्यावर त्यांचे शाळेपासूनचे मित्र असायचे, गावाबाहेरच्या वावरात वांगी-टमाटे पिकवणारे. त्यांना घरात सगळे काकाजी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. वाजवताना हे दोघे एकमेकांकडे बघतही नसत. मामाजी एखाद्या ओळीवर रेंगाळणार, हे काकाजींच्या हाताला आधीच कळलेलं असायचं.

काही वर्षांनी काकाजींच्या बोटांचे सांधे धरले. आधी जलद लय सुटली, मग केरव्याचा साधा ठेका धरतानाही बोटं दुखायला लागली. एका एकादशीला त्यांनी भजनाच्या मध्येच हात काढून घेतला आणि डग्ग्यावर गवसणी चढवली. त्यानंतर मामाजींनीही पेटी उघडली नाही. गावातला दुसरा एक तबलजी यायला तयार होता. मामाजी म्हणाले, "त्याच्या जागेवर कोनाले बसवू मी?"

त्याच सुमाराला माहेरच्या एका लग्नात मी स्वतःच ठेका देणारा कीबोर्ड पाहिला. वाजवणाऱ्यानं एक बटण दाबलं की ढोलक सुरू व्हायचं आणि डाव्या हातानं दोन-तीन पट्ट्या धरल्या की साथीचे सूरही निघायचे. घरी आल्यावर मी भीतभीतच हे सांगितलं. ओसरीवर चहा पीत बसलेले काकाजी म्हणाले, "मशीन आनलं तं मले वाईट वाटत नाई. मानूस बसवला असता तं वाटलं असतं. पन निवडाले मी येतो."

मग आम्ही तिघं पॅसेंजरनं नागपूरला गेलो. बटणांवरचं इंग्रजी वाचायला म्हणून मला घेतलं होतं. दुकानातल्या माणसानं सगळ्यात मोठा कीबोर्ड पुढे केला. त्यात सनई होती, व्हायोलिन होतं, कुत्र्याचं भुंकणंही होतं. मामाजींनी उजव्या हातानं भजनाची ओळ वाजवली. डावा हात सवयीनं पेटीचा भाता शोधायला कीबोर्डच्या मागे गेला आणि काहीच न सापडल्यामुळे तिथेच लोंबकळत राहिला. मला हसू आलं. तेही हसले.

काकाजी डोळे मिटून फक्त ठेका ऐकत होते. "लय कमी करा जरा. अजून कमी." कमी लयीत त्या मोठ्या कीबोर्डचा ठेका तुटक वाटू लागला, मधे मधे भोकं पडल्यासारखा. दुकानदार समजूतदार होता. त्यानं विचारलं, वाजवणार कुठे, गाणार कोण, गावात लाईट किती वेळ असते? लोडशेडिंगचं ऐकल्यावर त्यानं मोठा कीबोर्ड स्वतःच बाजूला ठेवला आणि सेलवरही चालणारा, मधल्या आकाराचा एक काढला. याच्या पट्ट्या पेटीएवढ्या रुंद होत्या, स्पीकर त्याच्यातच होता, आणि मामाजींच्या गळ्याच्या पट्टीप्रमाणे सूर वर-खाली करायची सोय होती. काकाजींनी केरवा ऐकला, दादरा ऐकला, पुन्हा केरवा लावायला सांगितला.

"हा बरा हाय," ते म्हणाले. "डग्गा थोडा पोकळ बोलते, पन धीरानं वाजवते."

घरी पहिल्याच संध्याकाळी फजिती झाली. मामाजी नेहमीसारखे एका ओळीवर रेंगाळले आणि ठेका पुढे निघून गेला. दुसऱ्यांदा तेच. मामाजींनी हात उचलले. "हे आपलं आयकूनच नाई राह्यलं."

काकाजी समोर बसले होते. ते उठून कीबोर्डच्या डाव्या टोकाला आले. "मले दाखव व बाई, बंद-चालू करायचं बटन कोनतं?" मी दाखवलं. मामाजी पुन्हा गाऊ लागले. ते रेंगाळले तेव्हा काकाजींच्या वाकड्या बोटानं ठेका अलगद थांबवला, आणि ओळ समेवर आली तिथेच पुन्हा सुरू केला. मामाजींनी त्यांच्याकडे पाहिलं. वाजवताना मामाजी काकाजींकडे पाहतात हे मी पहिल्यांदाच बघत होते.

साथीचे सूर तेवढे राहिले होते. मामाजींचा डावा हात काही शिकेना. शाळेत प्रार्थनेला मी पेटी वाजवलेली, म्हणून काकाजींनी मला बोलावलं. सासऱ्यांच्या शेजारी बसायचं म्हणून मी दाराशीच थांबले. तेव्हा सासूबाई आतून म्हणाल्या, "जा बस तिकडं. पोह्याचं मी पायतो."

मग आम्ही तिघं एकाच कीबोर्डवर बसू लागलो. मधे मी चुकले की काकाजी माझ्या मनगटावर हलकेच बोट टेकवायचे. मंडळ पुन्हा भरू लागलं. एकदा कारंज्याला एका नातलगांच्या घरी भजन होतं. मागच्या ओसरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्यांना नुसतं ऐकू येत होतं, दिसत नव्हतं. एक भजन संपल्यावर ते पुढे आले आणि विचारू लागले, तबल्यावर कोण होतं?

मामाजींनी काकाजींच्या खांद्यावर हात ठेवला. "हे काय, हे बसले."

काकाजींनी नाही म्हटलं नाही. त्यांनी माझ्याकडून पाण्याचा पेला घेतला आणि पुढचं भजन कोणतं, ते विचारलं.