चपला काढून तळ्याशी येणारा वेल्डर

ते तळं आठवलं की आजही मला स्वतःचाच राग येतो.

मी मूळचा साताऱ्याचा, पण सगळी नोकरी राजस्थानात झाली. शेवटची नेमणूक जयपुरात, झोटवाड्याच्या पलीकडच्या एका ठाण्यात होती. एका सकाळी हजेरी चालू असताना तळ्यात मत्स्यपालन करणारा ठेकेदार धावत आला. त्याचे सगळे मासे मेले होते. जाऊन पाहिलं आणि मी हादरलो. हिरव्यागार, दाट पाण्यावर पांढरी पोटं वर करून मासेच मासे! विषप्रयोगच, मला तिळमात्र शंका नव्हती. पंचनामा केला, पाण्याचे नमुने सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवले.

दुपारी खबर आली. खबरी म्हणजे तळ्याजवळचा चहावाला. "साहेब, एक म्हातारा वेल्डर रोज उजाडताना येतो. चपला काढतो, पिशवी पाण्यात रिकामी करतो आणि कोणी दिसलं की सटकतो."

म्हाताऱ्याला ताब्यात घेतलं. पिशवीत काय होतं, कोणी पाठवलं होतं, मी दरडावून विचारत राहिलो. तो हात जोडून गप्प. "जहर मैंने नहीं डाला, साहब," एवढंच एकदा म्हणाला. निर्दोष माणूस तोंड शिवून बसत नाही, अशी माझी ठाम समजूत होती. संध्याकाळपर्यंत त्याच्या वेल्डिंगच्या दुकानाच्या मालकाने त्याला कामावरून काढल्याचं कळलं. मला काहीच वाटलं नाही, हे लिहिताना आज लाज वाटते.

आमचे हवालदार चारदीवारीत, म्हणजे जयपूरच्या तटाआतल्या जुन्या शहरात वाढलेले; तिथल्या चालीरीती त्यांना ठाऊक. दुसऱ्या दिवशी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, विष टाकायला कोणी चपला काढतं का?" मग जाऊन म्हाताऱ्याशेजारी जमिनीवरच बसले. "बाबा, गुप्तदान है ना? किसके लिए?"

म्हातारा ढसाढसा रडला. त्याची नात इस्पितळात होती. ती बरी व्हावी म्हणून तो माशांना कणकेच्या गोळ्या घालत होता. दान बोलून दाखवलं की त्याचं फळ जातं, म्हणून कोठडी सोसली, पण बोलला नाही.

प्रयोगशाळेचा अहवाल आला: विष नाही. मत्स्यविभागाच्या अधिकारी बाईंनी पहाटे पाण्यात यंत्र बुडवलं. प्राणवायू जवळजवळ नव्हताच.

"मासे लवकर वाढावेत म्हणून हा ठेकेदार शेण, खत, खाद्य नुसतं ओततोय," त्या म्हणाल्या. "वर लोकांची कणीक. सगळं कुजतं, त्यावर शेवाळ माजतं. दिवसा ते शेवाळ प्राणवायू देतं, पण रात्री कुजणाऱ्या घाणीबरोबर तेही प्राणवायू खातं. मासे गुदमरले."

फिर्यादीनेच आपले मासे मारले होते, आणि मी एका आजोबाला कोंडून ठेवलं होतं!

त्याला मी स्वतः मालकाकडे नेलं, कामावर परत ठेवायला लावलं. वाटेत त्याला मासे कशाने मेले ते समजावून सांगितलं. सुटका झाल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर मला दिसेना. मान खाली घालून चालता चालता तो थांबला.

"साहब, थोड़ा आटा तो मेरा भी था. और अब तो मैंने बोल भी दिया. मेरी पोती का क्या होगा?"

लोकांना बोलतं करण्यात आपला हातखंडा आहे, असं मी नोकरीभर मिरवत आलो. माणूस बोलला की त्याच्याकडचं काय जातं, हे मला त्या रस्त्यावर कळलं.