अजून दाणा धरला न्हाई

"नाना गेले," आईनं फोनवर सांगितलं, आणि रडू यायच्या आधी मला त्यांचा आवाज आठवला... "बोल की गं, कावून गप बसतीस?" दिंद्रुडला आजोळी गेलं, की इंग्रजी शाळेतली मी कोपऱ्यात बसून नुसती ऐकायची. माझे हे आजोबा सहकारी साखर कारखान्यात पॅनमन होते. पॅन म्हणजे साखरेच्या भल्यामोठ्या कढईतला उकळता पाक काचेच्या पट्टीवर घेऊन, साखरेचा दाणा तयार झाला की नाही ते सांगणारा माणूस.

एक गोष्ट मात्र ते बसून सांगूच शकायचे नाहीत. दुष्काळात ऊस वाळला, कारखाना बंद पडला. त्या रिकाम्या दिवसांत हंगामी कामगारांनी युनियन नोंदवली. पुढच्या हंगामात नानांना बोलावणं आलं, कारण पॅनमनवाचून कारखाना चालत नाही; त्यांच्याबरोबर सह्या करणाऱ्या बारा जणांना नाही. चेअरमन म्हणाले, "कारखाना आपलाच हाय. घरात कशाला युनियन?" नाना म्हणाले, "घरचीच माणसं फाटकाबाहेर कावून मग?"

आला पहिल्या पोत्याच्या पूजेचा दिवस! मांडव, सनई, हार घातलेले पुढारी... आणि साखरच नाही. चेअरमन धापा टाकत जिना चढून पॅनपाशी आले. "काय झालं रे?" नानांनी पट्टी उजेडात धरली. "अजून दाणा धरला न्हाई, साहेब." दाणा तर केव्हाच तयार होता. आणखी थांबलं तर सगळा पाक आतच थिजणार, शेतकऱ्यांचा ऊस मातीत, नानांची नोकरीही. खाली सनई वाजतेच आहे! इथं मी दरवेळी श्वास रोखायची. अखेर चेअरमननी विचारलं, "कशानं धरंल?"

"बारा जण आत आले, का लगेच."

फाटक उघडलं. युनियनशी बोलणी करायचं पत्र तिथंच, कठड्यावर कागद ठेवून सही झालं. "अन् म्या झडप फिरवली!" म्हणत नाना पाक खाली सोडायचं चाक हवेत फिरवायचे.

दहाव्याला रशीदचाचा भेटले, त्या बारांतले एक. "झडप म्या फिरवली, बेटा," ते हसत म्हणाले. "आमी आत आलो तवा तुझ्या नानाचे हात लटलट कापत हुते."

"मग साखर?" मी चक्क मोठ्यानं विचारलं.

"जास्त थांबल्यानं लई जाड पडली! पुढाऱ्यांना काय कळतंय? पर तुझा नाना महिनाभर लाजंनं मान वर करीना."

नानांच्या फळीवर एक छोटी बाटली असायची. चहाला साखर संपली तरी ते तिला हात लावू द्यायचे नाहीत. मी ती उघडली. आतली साखर खड्यांसारखी जाड होती. नाना करायचे तशी चिमूट बोटांत चोळली, उजेडात धरली.

"धरलाय की हो दाणा, चाचा," मी म्हणाले.