नाल्याकाठचा पालक

मिल बंद पडली त्याच्या दुसऱ्या वर्षी इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या बायकांनी भाजीबाजार काढला. कल्पना शशिकलाबाईंची. मंडीतल्या दलालांना वगळून शेतकऱ्यांनी माल थेट वस्तीत आणायचा. इंदूरचं पोट भोवतालच्या गावांनीच भरायचं. कुठल्या गावानं कुठल्या हंगामात काय लावायचं, हेसुद्धा त्यांनीच गावोगाव हिंडून ठरवलं होतं. नवरा पांडुरंग मिलच्या साचेखात्यातला, मागावरचं काम सुटून घरी बसलेला. तो पोती उतरवी. युनियनमध्ये मुरलेले देवेंद्रजी समितीचे अध्यक्ष झाले.

बाजार धडाक्यात चालला. पालक तर तळहातापेक्षा मोठ्या पानांचा, काळपट हिरवा.

"गावचा माल आहे, बिनघोर खा!" शशिकलाबाई ओरडून सांगत. बाळंतीण सून मंजिरीला रोज तोच शिजवून घालत.

एकदा पालकवाल्याची गाडी आलीच नाही, म्हणून त्या टेम्पोनं त्याच्या शेतावर गेल्या. बांधावर पाय ठेवला नि नाकाला पदर गेला. शहराच्या नाल्यात मोटार टाकलेली. काळं, फेसाळ पाणी वाफ्यांतून खेळत होतं. त्यात काय काय तरंगत होतं ते बघवेना. शेतकऱ्याची बायको त्याच पाण्यात जुड्या बुचकळून काढत होती.

झोपडीमागं विहिरीजवळ एक छोटा वाफा होता. पानं बारीक, पोपटी.

"ये किसका?"

"घर का है, बाई. बच्चे खाते हैं ना," ती सहज म्हणाली.

शशिकलाबाई बांधावरच ओकल्या.

संध्याकाळी समिती बसली. त्यांनी सगळं सांगितलं. देवेंद्रजी हसले.

"अरे भाभी, शिजल्यावर सब मर जाता है. नळाखाली नीट धुवायचा, बस. इतका सस्ता दुसरा कोण देणार?"

बायकांनी माना डोलावल्या.

"तुमच्या घरी हाच पालक जातो का?" शशिकलाबाईंनी विचारलं.

"यांच्याकडे तर पलासियाच्या बड्या दुकानातून भाजी येते," कुणीतरी मागून बोलून गेलं. देवेंद्रजींनी चहाच्या कपात तोंड घातलं. कुणालाच काही वाटलं नाही. याचीच शशिकलाबाईंना जास्त शिसारी आली. त्या उठल्या, त्या परत गेल्या नाहीत.

विहिरीवाले दोन शेतकरी गाठून त्यांनी गिलकी, मेथीचा ठेला लावला. भाजी बारीक, भाव चढा. "भिया, उधर सस्ता है," म्हणत गिऱ्हाईक पुढं जाई. दिवाळीच्या आत ठेला उठला. तिकडे बाजार वाढतच गेला.

पुढं एका सकाळी पांडुरंगानं पालकाची जुडी आणली. शशिकलाबाईंनी ती दारातूनच गटारात भिरकावली.

"मला तर काही वास आला नाही," तो पुटपुटला.

"तुम्हाला कसा येईल? वर्षभर ओरडून विकला मी. माझ्या हातांना येतो तो," त्या म्हणाल्या, आणि मोरीवर जाऊन पुन्हा साबण लावत बसल्या.